बर्फाखालची मुळं

आर्वी डेपोत नवा कंडक्टर रुजू झाला, की जुनी मंडळी त्याला पहिल्याच आठवड्यात प्रेमदास थूलच्या बाकावर आणून बसवायची. "दादा, याले बर्फाचं सांगा," असं रूपराव मेकॅनिक म्हणायचा, आणि प्रेमदास कपबशी बाजूला सारून सांगायला लागायचा. आर्वी-वर्धा, आर्वी-पुलगाव, आर्वी-अमरावती या रस्त्यांवर ज्याची सारी ड्रायव्हरी गेली, वैशाखात इंजिनाच्या भपकाऱ्यापुढे बसायची ज्याला सवय, त्या माणसानं हिमालयात कमरेएवढ्या बर्फात खड्डा करून गवताएवढ्या झाडांची मुळं काढून आणली होती. आणि कशासाठी, तर बायकोच्या अभ्यासासाठी. ऐकणारा आधी हसायचा. मग प्रेमदास डाव्या पायाचा बूट काढून अंगठ्याजवळचं खुरटं बोट दाखवायचा, तेव्हा त्याचं हसू आवरायचं.

सांगण्यात थोडी बढाई असायची. पण ती स्वतःची नव्हे, बायकोची, पौर्णिमाची.

पौर्णिमा हिंगणीची. तिचे वडील नत्थूजी बोरच्या जंगलात रोजंदारीवर जायचे, आणि पावसाळ्यात त्यांच्यामागे ही पोर वारुळांवरच्या सात्या, म्हणजे रानअळंबी, वेचत हिंडायची. इतर पोरी सात्या खुडून टोपलीत टाकत. ही खालची माती उकरून पाही, की याचं मूळ कुठं गेलं. त्या उकरण्यातूनच ती वनस्पतिशास्त्रात एमेस्सी झाली. प्रेमदास तिला पाहायला गेला तेव्हा चहाचा ट्रे ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली होती, "मले अजून शिकाचं हाये."

"मंग शीक ना," प्रेमदास म्हणाला. "मी काय पुस्तक हिसकून राह्यलो?"

त्याच्या आईला, कमलाबाईला, तिचं हे बोलणं मुलापेक्षाही जास्त आवडलं. ती जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करत आलेली. पीएचडी म्हणजे डॉक्टर, पण इंजेक्शनचा नाही, हे कळल्यावर ती म्हणाली, "बिनाइंजेक्शनचा डॉक्टर तं डॉक्टर. आपल्या घरात थोही नाई झाला कोनी."

एक गोष्ट मात्र लग्नाआधी पाहावी लागली. पौर्णिमाच्या रक्तात सिकलसेलचा अर्धा दोष होता. शाळेत असताना तपासणी झाली तेव्हाच ते कळलं होतं. आपल्याकडं घरोघरी हे ठाऊक असतं: अर्धा दोष असलेल्याला आजार होत नाही, फक्त सोयरीक जुळवताना समोरच्याचं रक्त पाहून घ्यायचं. प्रेमदासचं पाहिलं, ते साफ निघालं, आणि ती गोष्ट सगळे विसरून गेले.

लग्नानंतर पौर्णिमानं नागपूरला संशोधनाला नाव घातलं. सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी यायची. तिच्या सरांचं काम हिमालयात चालायचं, तेच तिच्या वाट्याला आलं. एकदा जेवताना तिनं नवऱ्याला आणि सासूला ते समजावून सांगितलं. पहाडात झाडं संपतात, त्याच्याही वर उघडी कुरणं लागतात. तिकडचे लोक त्यांना बुग्याल म्हणतात. अर्ध्याहून जास्त वर्ष ती बर्फाखाली दडपलेली असतात. तिथं बोटभर उंचीची फुलझाडं उगवतात आणि त्यांच्या मुळांच्या आत बुरशी राहते.

"बुरशी?" कमलाबाई म्हणाली. "मंग झाड सडत नाई काय?"

"नाई आई. हे सडवणारी नोहे. मातीतलं खत ओढून हे झाडाले देते, अन् झाड तिले साखर देते. दोघांचं एकमेकावर चालते."

"अन् बर्फ पडल्यावर? तवा तं झाड झोपलं असन. मंग तिले खाऊ कोन घालते?"

पौर्णिमा घास हातात धरून हसली. "तेच तं पाहाचं हाये, आई."

म्हणून एकाच जागची मुळं तिला वर्षाच्या चारही ऋतूंत काढायची होती. बर्फ वितळल्याबरोबर जूनमध्ये, फुलोऱ्यात ऑगस्टमध्ये, पानं वाळताना ऑक्टोबरात, आणि शेवटी बर्फाखालून. जून झाला, ऑगस्ट झाला. ती परत आली की मुळं उकळायची, निळ्या रंगात बुडवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. एकदा तिनं प्रेमदासलाही नागपूरला नेऊन दाखवलं. त्याला आधी नुसताच निळा चिखल दिसला. मग तिनं बोटानं भिंग फिरवलं आणि एकदम मुळाच्या एकेका पेशीत एकेक चिमुकलं झाड उभं राहिलं, बुंधा, फांद्या, फांद्यांना फांद्या.

"हे बुरशी?"

"हेच. इथंच देणंघेणं चालते त्यांचं. हे ऑगस्टचं. जूनमध्ये हे नव्हतं, नुसते काळे धागे होते, पेरापेरांचे."

प्रेमदास पाहतच राहिला. त्या दिवसानंतर बायको काय करते असं कोणी विचारलं, तर तो अडखळेनासा झाला.

ऑक्टोबरात ती तिसऱ्यांदा वर गेली. मुळं काढून झाली, जागा बर्फात सापडाव्यात म्हणून तिनं लाल फडकी बांधलेले बांबू रोवले, आणि उतरताना तिच्या डाव्या बरगडीखाली अशी कळ उठली, की ती तिथंच खाली बसली. वाटाड्या दिगपाल नेगी तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत उतरला. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासून विचारलं, तुमच्याकडं सिकलसेल आहे का? विरळ हवेत, थंडीत, दमणुकीत अर्धा दोषही कधी कधी पुरतो, असं त्यानं सांगितलं. रक्त प्लीहेत अडकलं होतं. वाचलात, म्हणाला, पण पुन्हा एवढ्या उंचीवर जायचं नाही.

पौर्णिमा घरी परतली. सरांनी फोनवर समजूत काढली, की तीन ऋतूंवरही प्रबंध होतो. ती "हो सर" म्हणाली. सरांचे दुसरे विद्यार्थी परीक्षांत होते आणि वन विभागाची परवानगी मार्चअखेर संपणार होती. संक्रांत गेली तरी तिनं अंगणातलं आळं उकरलं नाही, दरवर्षी त्यात मेथी-कोथिंबीर लावायची ती. प्रेमदासनं ते पाहिलं. एका रविवारी तो म्हणाला, "मी जातो."

"कुठं?"

"तुझ्या बुग्यालवर."

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी तं कधी चिखलदऱ्याच्या वर गेले नाई."

"काऊन, खोदता येत नाई काय मले?"

"खोदाले दिगपाल हाये ना तिथं."

"खोदन तो. पण आणन कोन? ते मुळं जिवंत पायजे ना तुले? मंग पोस्टात टाकतं काय?"

ती नको नको म्हणत राहिली, पण तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यानं पाहिलं होतं. पुढचे कित्येक दिवस तिनं त्याला अंगणात शिकवलं. दुर्वांच्या एका गड्ड्याभोवती लांबून माती कापायची, गड्डा अख्खा उचलायचा, ओढायचा नाही. ओढलं की बारीक टोकं जमिनीत राहतात, आणि बुरशी टोकांतच असते. मग पिशवी, वरून प्लास्टिकची पन्नी, आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि मीठ. "मुळं गोठलेलीच राह्यली पायजे," ती पुन्हा पुन्हा सांगायची. "एकदा वितळली का खेळ खतम."

मार्चच्या मधल्या आठवड्यात तो गेला. वर्ध्याला तेव्हा पंखे सुरू झाले होते. दिगपालच्या गावापुढं रस्ता बर्फानं बंद होता, तिथून पायी. प्रेमदासच्या पायांत भावाकडून मागून आणलेले बूट होते, एक आकडा मोठे. पांढरं, पांढरं, आणि त्याच्यावर निळं आभाळ. डोळे उघडे ठेवता येईनात. बांबूंची टोकं तेवढी वर दिसत होती, फडक्यांचा रंग उडून गेलेला. दोघांनी आळीपाळीनं फावड्यानं बर्फ काढला. खालची जमीन दगडासारखी झाली होती, लोखंडी सब्बल मारली की ठणकन आवाज यायचा. दिगपाल सारखा ओरडत होता, "भाईसाहब, पैर हिलाते रहो!" पण प्रेमदास गुडघ्यावर बसून दुर्वांचा गड्डा काढावा तसा एकेक गड्डा कापत होता, आणि डाव्या बुटात शिरलेला बर्फ काढायला थांबला असता तर ढग खाली आले असते. पाच बांबू होते. पाचही जागची मुळं काढूनच तो उठला. उठला तेव्हा डावा पाय त्याला जाणवतच नव्हता.

खाली उतरून दिगपालच्या बायकोनं पाय कोमट पाण्यात धरला तेव्हा तो लहान मुलासारखा विव्हळला. पण दुसऱ्या दिवशी निघालाच. हरिद्वारला त्यानं बर्फ बदलला, दिल्लीला बदलला. आणि मग पुढं कुठंतरी मालगाडी घसरली म्हणून त्याची गाडी बीनाच्या अलीकडं माळावर उभी राहिली ती राहिलीच. डबा त्यानं स्वतःच्या ब्लँकेटात गुंडाळला. डब्यातून पाणी पाझरून सीटखाली जाऊ लागलं, तसे शेजारचे कुरकुरले. इटारसीला गाडी लागल्याबरोबर तो लंगडत उतरला, रसवंतीवाल्याच्या हातापाया पडून बर्फाची लादी घेतली आणि फोडून डब्यात भरली. मीठ खाऱ्या दाण्यांच्या गाडीवरून मागितलं. मुळं वाचली, अशी त्याची खात्री झाली.

नागपूर स्टेशनावर पौर्णिमा उभी होती. तिनं तिथंच बाकावर डबा उघडला आणि हात आत घातला. बराच वेळ तिचा हात आतच होता. प्रेमदास तिच्या पाठीकडं पाहत होता.

"बराबर हाये ना?"

ती वळली तेव्हा तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, पायावर होती. "पाय काऊन ओढून राह्यले तुमी?"

"काई नाई. सुजला थोडा."

"बूट काढा."

त्यानं काढला. दोन बोटं काळीनिळी झाली होती, आणि त्यातल्या एकाची कातडी मोज्याबरोबर निघून आली. पौर्णिमानं डब्याचं झाकण लावलं. "बराबर हाये," ती म्हणाली. "एकदम बराबर हाये. चला आधी दवाखान्यात."

एका बोटाचं टोक कापावं लागलं. तो नागपूरच्या दवाखान्यात पडून होता तेव्हा ती रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतून यायची आणि खाटेच्या कडेवर टेकायची. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "काय दिसलं? जिवंत हाये काई?"

"हाये ना," ती म्हणाली. "काळे धागे हायेत. बर्फाखाली ते जागेच असते. अन् आपले निळे झाडं पण हायेत."

"बर्फाखाली?"

"हो. लहान हायेत, मिटून बसलेले. पण हायेत."

त्या आनंदात त्याचं दुखणं निम्मं झालं. पुढं डेपोत गोष्ट सांगताना शेवटी तो हात असा मिटून दाखवायचा: "बर्फाखाली असे मिटून बसले होते. जिवंत."

प्रबंध झाला. मौखिक परीक्षेच्या दिवशी त्याला जायचं होतं, पण पौर्णिमा म्हणाली, "नका येऊ, मले घाबरल्यासारखं होईन." त्याला ते थोडं लागलं. त्या दिवशी त्यानं अमरावतीची फेरी मारली आणि येताना डेपोत पेढे वाटले. इंग्रजी प्रबंधाची जाड प्रत काचेच्या कपाटात बुद्धमूर्तीच्या बाजूला उभी राहिली. आर्वीच्याच एका महाविद्यालयात पौर्णिमा तासिकांवर शिकवू लागली. मूल झालं नाही, त्याचं दुःख दोघांनीही फार वाढू दिलं नाही. संध्याकाळी ती अंगणात विद्यार्थिनींना घेऊन बसे, आणि प्रेमदास ड्यूटीवरून येऊन सगळ्यांचा चहा टाके.

तीन पावसाळ्यांपूर्वी आर्वीत डेंग्यूची साथ आली. पौर्णिमाला ताप आला, उतरला, आणि उतरला म्हणून सगळे निर्धास्त झाले तेव्हाच ती ढासळली. वर्ध्याला नेईपर्यंत तिला शुद्ध होती. गाडीत ती प्रेमदासला म्हणाली, "मागच्या गियरची आवाज येऊन राह्यली, रूपरावले दाखवजा." दुसऱ्याच कोणाची तरी गाडी होती ती. दोन दिवसांत ती गेली.

हिंगणीहून नत्थूजी आले आणि जावयाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे राहिले. धीर कोणी कोणाला द्यायचा हेच कळेना. विहारातल्या भंतेजींनी त्रिशरण म्हटलं. कमलाबाई कोपऱ्यात बसून होती, तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "माहा नंबर होता."

त्यानंतर प्रेमदास बर्फाची गोष्ट जास्तच सांगू लागला. कोणी आणून बसवायचीही गरज उरली नाही. बसमध्ये पहिल्या सीटवर बसणाऱ्यालाही तो सांगायचा. सांगत असेपर्यंत ती नागपूर स्टेशनावर उभी असायची.

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी गुंजन घरी आली. आर्वीच्या बाजारात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. ती पौर्णिमाची लाडकी विद्यार्थिनी, आता नागपूरला संशोधन करत होती. कमलाबाईच्या पाया पडून ती खुर्चीत बसली.

"काका, मला दिगपालजींचा नंबर पाहिजे होता," ती म्हणाली. "फेब्रुवारीत मी वर जाते आहे. मॅडमचं राहिलेलं काम पुरं करायचं मनात आहे."

"राह्यलेलं?" प्रेमदासनं विचारलं.

"हिवाळ्याचं. मॅडमच्या कामात तीनच ऋतू आहेत ना. हिवाळ्याचा भाग..." ती थांबली. प्रेमदासच्या चेहऱ्याकडं पाहून तिला काहीतरी चुकल्याचं कळलं असावं.

"हिवाळ्याचे मुळं मी आणलते," तो म्हणाला. "मी सोता."

"हो काका. मॅडम आम्हाला नेहमी सांगायच्या, की सरांपेक्षा मोठी मदत तुम्ही केली."

"मंग?"

गुंजन ओढणीचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "ती वाटेत वितळून पुन्हा गोठली होती, काका. त्यात सडवणारी बुरशी भरली होती सगळी. वापरता आली नाहीत. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

प्रेमदास उठून दारात जाऊन उभा राहिला. रस्त्यावरून ऊस भरलेली ट्रॉली चालली होती, ती जाईपर्यंत तो तिच्याकडं पाहत होता. मग आत येऊन त्यानं मोबाइलमधून दिगपालचा नंबर काढून दिला, आणि गुंजन रडवेली होऊन "काका, सॉरी" म्हणाली तेव्हा "तुहं काय त्यात," एवढंच बोलला.

ती गेल्यावर तो आईला म्हणाला, "आयकलं?"

कमलाबाई खाटेवर बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "मले माहीत होतं."

"तुले?"

"तू दवाखान्यात होता तवाच सांगतलं तिनं. लय रडली माह्याजवळ. म्हने, आई, सगळं सडलं, पन यायले सांगू नोका."

"काऊन?" त्याचा आवाज चढला. "काऊन नाई सांगतलं मले? एवढे वर्षं मी लोकायले सांगत फिरून राह्यलो, खुळ्यासारखा! सांगतलं असतं तं मी परत गेलो असतो. परवानगीचे दिवस बाकी होते अजून. दुसऱ्याच दिवशी गेलो असतो!"

"म्हनूनच नाई सांगतलं," कमलाबाई म्हणाली. "तिले माहीत होतं तू जाशीन. डाक्टर म्हने बोट गेलं, आता पाय सांभाळा. क्लचचा पाय तो. म्हने, आई, मले चौथा ऋतू नोको, हे पाह्यजेत."

प्रेमदास भांडायला कोणी शोधत असल्यासारखा घरभर फिरला. कपाटापुढं उभा राहिला, ते उघडलं नाही. जेवायला बसला आणि ताटावरून उठला. त्याला राग कशाचा आला होता हे त्याचं त्यालाच नीट सांगता येईना. ती खोटं बोलली याचा, की आता तिच्याशी भांडताही येत नाही याचा. दवाखान्यातल्या त्या संध्याकाळी ती खाटेवर टेकून हसत हसत सांगायची, तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल? हिवाळ्याची ती सगळी मुळं टाकून देऊन ती तिथं येत होती, आणि तो विचारायचा, आज काय दिसलं? रोज विचारायचा.

जानेवारीत गुंजनचं ठरलं, तेव्हा दिगपालशी बोलायचं काम त्यानं आपण होऊन घेतलं. इतक्या वर्षांनी फोन पाहून दिगपाल हरखला.

"अरे भाईसाहब! पैर कैसा है? और दीदी कैसी हैं?"

प्रेमदासला वाटलं होतं याला कोणीतरी कळवलं असेल. कोणी कळवलं नव्हतं. त्यानं सांगितलं. 

"मैंने पीठ पर उतारा था उनको," दिगपाल म्हणाला. "कितनी हल्की थीं. रास्ते भर मुझसे माफ़ी माँगती रहीं, कि भैया, तकलीफ़ दे रही हूँ."

हे प्रेमदासला माहीत नव्हतं. तिच्याबद्दलचं आणखी काही माहीत नसलेलं असेल का, याची त्याला एकाच वेळी भीती वाटली आणि हावही सुटली. त्यानं दिगपालला पुन्हा पुन्हा विचारलं, आणखी काय म्हणाली, कुठं थांबलात, पाणी प्यायली का. दिगपालनं आठवेल तेवढं सांगितलं.

फेब्रुवारीत गुंजन जाऊन आली. तिच्याबरोबर दोन मुलं होती, आणि मुळं आणायला पोलादी टाकी होती, तिच्यात मुळं महिनाभर गोठलेली राहतात. होळीनंतर ती लॅपटॉप घेऊन घरी आली. प्रेमदासनं चष्मा लावला. पडद्यावर निळसर मुळाचा तुकडा होता आणि त्याच्या आतून काळपट, पेरापेरांचे धागे गेले होते.

"हे बर्फाखालचं?"

"हो काका. हे जागे असतात, आपल्या त्या बुग्यालवरच्या मुळांत हिवाळ्यात हे पहिल्यांदाच दिसलं."

"पौर्णिमानं हेच सांगतलं होतं मले."

"मॅडमनी बाहेरच्या देशांतलं काम वाचलेलं होतं. त्यांचा अंदाज बरोबर होता."

त्यानं मान डोलावली. मग विचारलं, "अन् ते निळे झाडं?"

"ती नाहीत हिवाळ्यात. ती बर्फ गेल्यावर बऱ्याच उशिरा येतात."

"नीट पाह्यलं ना? लहान असन. मिटून बसलेले."

"शेकडो तुकडे पाहिले काका. एकही नाही."

तो पडद्याजवळ वाकून पाहू लागला. गुंजन घाबरून म्हणाली, "मॅडमनी तसं म्हटलं होतं का? मी तसं लिहीत नाही, त्यांचं नाव..."

"लिही," प्रेमदास म्हणाला. "नाई म्हनून लिही. जे हाये थेच लिहा लागते. तिनंच शिकवलं असन ना तुमाले?"

"हो."

"मंग झालं."

त्यानं तिला चहा करून दिला, गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेला, तिच्या वडिलांची तब्येत विचारली. परत आला तेव्हा कमलाबाई खाटेवर उठून बसली होती. आताशा तिला कमी ऐकू यायचं.

"काय म्हने पोरगी?"

"काळेवाले हायेत म्हने बर्फाखाली," तो मोठ्यानं म्हणाला. "निळे नाई. एकही नाई."

"मंग पौर्णिमा तं तुले म्हने, हायेत."

"खोटं होतं थे," प्रेमदास म्हणाला. "बाकीचं तिनं कुठंतरी वाचलं होतं. हे निळ्याचं तेवढं तिनं सोताच्या मनानं सांगतलं. मले दुखत होतं ना तवा."

आणि पौर्णिमा गेल्यापासून जो माणूस कोणासमोर रडला नव्हता, तो आईच्या खाटेपाशी जमिनीवर बसला आणि रडू लागला. कमलाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं त्याला थांबवलं नाही.